अंधाराचें कारण आणि लोकांचे तर्क

घरांतला दिवा एकाएकीं गेला म्हणजे माणूस प्रथम खिडकीशीं जातो. शेजाऱ्यांकडेही अंधार दिसला कीं त्याचा जीव भांड्यांत पडतो. बिघाड आपल्याच घरांतला नाहीं, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें. परंतु अंधार आळीपुरता नसून साऱ्या शहराचा आहे, शहरापुरता नसून सात-आठ राज्यांचा आहे, असें कळलें म्हणजे हा धीर पार नाहींसा होतो. मग "दिवे केव्हां येतील?" हा प्रश्न मागें पडतो आणि "हें कोणीं केलें?" हा प्रश्न पुढें येतो. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे, आणि त्यासाठीं ९ नोव्हेंबर १९६५ या दिवसाइतका बोलका दिवस मला दुसरा आढळत नाहीं.

तो मंगळवार होता. अमेरिकेच्या ईशान्य भागांत कचेऱ्या सुटण्याची वेळ झाली होती. सायंकाळीं ५ वाजून १६ मिनिटांनीं शेजारच्या कॅनडा देशांत, ऑन्टॅरिओ प्रांतांत, कांहींतरी बिनसलें. आणि दिव्यांच्या ओळीवरून कोणी फुंकर घालीत यावें तसा अंधार दक्षिणेकडे व पूर्वेकडे सरकत गेला. ५ वाजून २८ मिनिटें होतात न होतात तोंच न्यूयॉर्क शहर काळोखांत बुडालें. सारी मिळून बारा मिनिटें. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर या राज्यांचे मोठमोठे भाग, न्यू जर्सीचा थोडा तुकडा आणि सीमेपलीकडचें ऑन्टॅरिओ, असा सुमारें ८०,००० चौरस मैलांचा मुलूख त्यांत सांपडला. त्यांत ३ कोटि माणसें राहत होतीं. आपल्या महाराष्ट्र राज्याचा दोन-तृतीयांश भाग अंधारानें एका घासांत गिळला असें समजावें. कांहीं ठिकाणीं दिवे लौकर आले. कांहीं ठिकाणीं १३ तास वाट पाहावी लागली.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत ८ लाख उतारू अडकले. उंच इमारतींतील लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्यें लटकत राहिल्या. विमानतळावरचे दिवे गेले. दैव एवढेंच कीं आकाश निरभ्र होतें आणि चंद्र पूर्ण होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ची यंत्रें थांबलीं, तेव्हां चालकांनीं नदीपलीकडील नेवार्क येथील एका वर्तमानपत्राच्या छापखान्यांत जाऊन दहा पानांचा अंक काढला. शहरांत लूटमार जवळजवळ झाली नाहीं. नागरिक चौकांत उभे राहून वाहनांना वाट दाखवीत होते. आणि बातमी कोणाकडून कळावी? वीज नसतां चालणाऱ्या, खिशांत मावणाऱ्या ट्रान्झिस्टर रेडिओकडून. नभोवाणीच्या व्यासपीठावरून बोलतांना हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं.

परंतु नभोवाणी काय घडलें तें सांगत होती; कां घडलें तें तिलाही ठाऊक नव्हतें. ही रिकामी जागा लोकांनीं आपापल्या परीनें भरून काढली. काळच तसा होता. क्यूबांतील रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला जाऊन आलें त्याला उणीपुरीं तीन वर्षें झालीं होतीं. व्हिएतनामांत अमेरिकन फौजा त्याच वर्षीं मोठ्या संख्येनें उतरल्या होत्या. ज्याला ज्याची भीति, त्याला त्याचाच हात अंधारांत दिसला. कोणी रशियाचें नांव घेतलें, कोणी चीनचें, कोणी देशांतल्या घातपात्यांचें. सिरॅक्यूज शहराजवळ आकाशांत तेजाचा गोळा पाहिल्याचें कांहीं जणांनीं सांगितलें, त्यांत शहराच्या विमानखात्यांतील एक अधिकारीही होता. झालें, परग्रहावरून आलेल्या उडत्या तबकड्यांनीं वीज शोषून नेली असा तर्क निघाला.

न्यू हॅम्पशायरमधील कॉनवे गांवच्या एका मुलाची गोष्ट त्या रात्रीच्या हकीकतींत हटकून सांगितली जाते. घरीं जातां जातां त्यानें हातांतल्या काठीनें वाटेवरच्या खांबाला सहज एक तडाखा दिला आणि त्याच क्षणीं साऱ्या गांवाचे दिवे गेले. पोर रडत रडत आईकडे धांवलें. आपल्याकडे शास्त्रकारांनीं याला काकतालीय न्याय म्हटलें आहे: कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गांठ. तबकडी पाहणारे मोठे लोक व हा मुलगा एकाच न्यायानें विचार करीत होते. मुलानें निदान दोष स्वतःच्या पदरांत घेतला. मोठ्यांनीं तो दुसऱ्याच्या पदरांत टाकला.

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं त्याच रात्रीं फेडरल पॉवर कमिशनचे प्रमुख जोसेफ स्विडलर यांना चौकशीचा हुकूम दिला. आरंभीं सर्वांचें बोट सिरॅक्यूजजवळच्या क्ले येथील वीज-उपकेंद्राकडे गेलें. तबकडीवाल्यांना तें फारच सोयीचें झालें, कारण तेजाचा गोळा त्याच बाजूला दिसला होता. पण उपकेंद्रांत कांहीं मोडलेलें आढळेना. ऑन्टॅरिओच्या वीजमंडळानें आरंभीं आपल्याकडे दोष नसल्याचें सांगितलें होतें. असे सहा दिवस गेले. अखेर १५ नोव्हेंबरला माग नायगारा नदीच्या कॅनडाकडील कांठावर येऊन थांबला, आणि ६ डिसेंबरला कमिशननें आपला अहवाल अध्यक्षांना सादर केला.

काय आढळलें, तें जरा सावकाश सांगितलें पाहिजे. नायगाराच्या धबधब्याखालीं क्वीन्स्टन येथें सर अ‍ॅडम बेक या नांवाचें जलविद्युत्-केंद्र आहे. तेथून उत्तरेस टोरंटोच्या बाजूला २,३०,००० व्होल्टच्या पांच वाहिन्या जात. अशा वाहिनीवर 'रिले' नांवाचा एक पहारेकरी बसविलेला असतो. ठरवून दिलेल्या खुणेपेक्षां अधिक भार आला कीं वाहिनी तोडावयाची, एवढेंच त्याचें काम. यांपैकीं एका पहारेकऱ्याला कांहीं वर्षांपूर्वीं सुमारें ३७५ मेगावॅटची खूण नेमून देण्यांत आली होती. वाहिनी स्वतः याहून पुष्कळ अधिक भार वाहूं शकत होती. पुढें उत्तरेकडची मागणी वाढत गेली. भार त्या खुणेच्या जवळ येऊन ठेपला. आणि खूण इतकी खालीं आहे हें केंद्र चालविणाऱ्यांना ठाऊकच नव्हतें. नोव्हेंबरची थंड संध्याकाळ, घरोघरीं दिवे लागलेले. भारानें ती रेषा किंचित् ओलांडली आणि पहारेकऱ्यानें वाहिनी तोडली.

शेताला पाणी देणाऱ्या पांच पाटांपैकीं एकाचें तोंड अचानक बंद झालें तर त्याचें पाणी उरलेल्या चौघांत शिरतें आणि तेही फुटतात. येथें तीन सेकंदांच्या आंत उरलेल्या चारही वाहिन्या तुटल्या. टोरंटोकडे निघालेली वीज वाट न मिळून उलट फिरली आणि न्यूयॉर्क राज्याच्या तारांत घुसली. एका जाळ्यांतील सारीं जनित्रें एका तालावर फिरत असतात. तो ताल सुटला, ठिकठिकाणच्या वाहिन्या तुटल्या आणि जाळ्याचे तुकडे झाले. ज्या तुकड्यांत निर्मितीपेक्षां मागणी अधिक उरली, तेथलीं जनित्रें दम लागल्यासारखीं मंदावलीं व बंद पडलीं. न्यूयॉर्क शहर अशाच तुकड्यांत सांपडलें. शिवाय बंद पडलेलें मोठें वीजघर पुन्हां चालूं करावयाचें तर त्यालाही प्रथम बाहेरून वीज लागते. तेरा तास लागले ते यामुळें.

म्हणजे पाहा, पहिल्या क्षणीं काहींच मोडलें नव्हतें. तो रिले बिघडला नव्हता. त्यानें आज्ञा पाळली. खूण ठरविणाऱ्यानें ती त्या वेळच्या हिशेबानें ठरविली होती. तीन कोटि माणसांच्या अंधाराला एकही दुष्ट माणूस लागला नाहीं.

आणि लोकांना नेमकें हेंच पटेना. कारण फार लहान म्हणून पटलें नाहीं, असें सामान्यतः म्हणतात. मला तें पुरतें मान्य नाहीं. लहान कारणें लोक आनंदानें मानतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो एका अक्षरानें झाला असें आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलों आहों. 'धरावें' याचें 'मारावें' झालें, 'ध'चा 'मा' झाला. एका अक्षराहून लहान कारण तें कोणतें? इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नसली तरी मराठी माणूस ती सोडावयास तयार नाहीं, कारण त्या अक्षरामागें आनंदीबाईचा हात उभा केलेला आहे. माझ्या शिक्षकीच्या काळांत वर्गांत पेशवाईचा तेवढाच धडा मुलांना न शिकवितां पाठ असे. क्वीन्स्टनच्या खुणेमागें असा हात नव्हता. लोकांना कारण लहान चालतें. बिनधन्याचें चालत नाहीं.

म्हणून अहवाल प्रसिद्ध झाल्यावरही जुने तर्क मेले नाहींत. १९६६ सालीं जॉन फुलर यांनीं न्यू हॅम्पशायरमधील तबकड्यांविषयीं 'इन्सिडेंट अ‍ॅट एक्झेटर' हा ग्रंथ लिहिला, त्यांत या अंधाराचाही धागा जोडला गेला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, म्हणजे बरोबर नऊ महिन्यांनीं, न्यूयॉर्कच्या इस्पितळांतून बाळंतपणें एकाएकीं वाढल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'नें दिली. हंसतखेळत ती जगभर गेली. जे. रिचर्ड उड्री या समाजशास्त्रज्ञांनीं इतर वर्षांच्या जन्मांशीं आंकडे ताडून पाहिले, वाढ नव्हतीच. हें त्यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलें, पण ती बातमी आजही सांगितली जाते.

सामान्य लोकच असे तर्क करतात असें मात्र कोणी समजूं नये. १४ ऑगस्ट २००३ रोजीं त्याच मुलुखांत पुन्हां अंधार पडला. या वेळीं ५ कोटि लोक त्यांत सांपडले, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची आठवण ताजी असल्यामुळें दहशतवाद्यांचें नांव आपोआपच सर्वांच्या ओठीं आलें. कॅनडाच्या पंतप्रधानांच्या कचेरीनें अमेरिकेंतील वीजकेंद्रावर वीज कोसळल्याचें सांगितलें. त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनीं पेन्सिल्व्हेनियांतील अणुकेंद्रांत आग लागल्याचें सांगितलें. अमेरिकेंतील पुढाऱ्यांनीं कॅनडाकडे बोट दाखविलें. सारेंच चूक. तारांना लोंबतां लोंबतां ओहायोंतील वाढलेलीं झाडें लागलीं, आणि तेथल्या कचेरींतील धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली त्याच दुपारीं मुकी झाली होती.

परदेशांवर बोट दाखविण्याची ही रीत आपल्या दारींही आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं, सोमवारीं, सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज गेली. खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रांतून १९१५ सालीं मुंबईस वीज येऊं लागली, तेव्हांपासून अखंड विजेचा या शहराला अभिमान. बाहेरचें जाळें कोसळलें तरी मुंबई त्यांतून सुटी होऊन स्वतःच्या विजेवर चालावी, अशी खास योजनाही होती. त्या दिवशीं तिनें शहराला तारलें नाहीं. महासाथीच्या दिवसांत आगगाड्या थांबल्या, रुग्णालयें स्वतःच्या जनित्रांवर आलीं. कळवा-पडघा मार्गावरील ४ लाख व्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक तुटल्या होत्या, आणि त्यांतली एक दुरुस्तीसाठीं आधींच बंद होती.

त्याच आठवड्यांत राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीं घातपाताची शक्यता नाकारतां येत नाहीं असें म्हटलें. जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत आपले २० सैनिक धारातीर्थीं पडले होते. तेव्हां मनांत कोणाचें नांव यावें हें सांगावयास नको. फेब्रुवारी १९६५ ची नव्हे, २०२१ ची अखेर. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें एका अमेरिकन संस्थेच्या शोधाच्या आधारें भारतीय वीजयंत्रणेंतील चिनी संगणकी घुसखोरीची बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशीं राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनीं आपल्या सायबर शाखेचा संशय जाहीर केला. त्या संस्थेनें मात्र मुंबईच्या अंधाराशीं या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाहीं असें स्वतःच लिहिलें होतें. त्याच आठवड्यांत केंद्रीय वीजमंत्री आर. के. सिंह यांनीं हा प्रकार मानवी चुकीमुळें झाला, हल्ल्याचा पुरावा नाहीं, असें सांगितलें. तोंवर अंधार होऊन साडेचार महिने लोटले होते. क्वीन्स्टनची खूण सहाव्या दिवशीं सांपडली होती.