मारियाचं शिवणयंत्र

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, टीव्ही मालिकांचा इतिहास म्हणजे कसला इतिहास? आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी आपल्याला दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या राजधानीत, लिमा शहरात जावं लागेल.

साल 1969. 'सिम्प्लेमेंते मारिया', म्हणजे 'नुसती मारिया', ही मालिका सुरू झाली. मूळ कथा अर्जेंटिनाच्या सेलिया अल्कांतारा यांची. खेड्यातली मारिया लिमात मोलकरीण म्हणून येते. श्रीमंत घरातला, डॉक्टरकी शिकणारा रोबेर्तो तिच्यावर प्रेम करतो आणि तिला दिवस गेल्यावर हात झटकतो. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? काहीच नाही.

नवीन होता तो प्रेक्षक. त्या काळात अँडीज पर्वतातली माणसं लोंढ्यांनी लिमात येत होती. शहराबाहेरच्या रेताड टेकड्यांवर वस्त्या उठत होत्या आणि त्यांतल्या कित्येक मुली पैसेवाल्यांच्या घरी भांडी घासत होत्या. त्याच 1969 च्या जूनमध्ये जनरल वेलास्को यांच्या लष्करी सरकारने जमीनसुधारणेचा कायदा आणला. बघा कसं आहे: डोंगरातल्या जमीनदाराची जमीन जात होती, पण शहरातल्या स्वयंपाकघरातली मोलकरीण होती तिथंच होती. तिच्याबद्दल संध्याकाळी कोणी बोलत असेल, तर ती ही मालिका.

एक खुपणारी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मारिया झालेली साबी कामालिच ही युरोपीय वंशाची, गोरी अभिनेत्री. खऱ्या मोलकरणीचा चेहरा पडद्यावर आलाच नाही.

तर पुढे काय होतं? एस्तेबान नावाचे मास्तर मारियाला लिहायला-वाचायला शिकवतात. ती सिंगरच्या यंत्रावर शिवण शिकते आणि हळूहळू मोठी फॅशन डिझायनर होते. मालिका जिथे जिथे दाखवली गेली तिथे सिंगरच्या यंत्रांचा खप वाढला, साक्षरता वर्गांत आणि शिवणाच्या क्लासात मुलींची गर्दी झाली. शेवटी मारियाचं लग्न लिमातल्या एका चर्चमध्ये चित्रित झालं, तेव्हा हजारो लोक खऱ्या लग्नाला यावं तसे जमले. आणि नवरदेव रोबेर्तो नव्हता बरं का, मास्तर होते!

माझ्या मते खरी मेख इथंच आहे. वर्गाची भिंत प्रेमाने पडली नाही. मारिया शिवणयंत्राच्या जोरावर एकटी ती चढून गेली. भिंत जशीच्या तशी. पण पाहणाऱ्या मुलींनी प्रेमकथेतून नेमकं आपल्या कामाचं तेवढं उचललं. त्यांना कोणी भाबडं म्हणू नये.

मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी हे हेरलं. यंत्र खपू शकतं, तर साक्षरता का नाही? 1975 मध्ये त्यांनी प्रौढशिक्षणावरची मालिका काढली. पुढे आपले वर्ध्याचे खासदार वसंत साठे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले आणि ही कल्पना दिल्लीत आली. तिच्यातून 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचं लेखन, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे, आठवतं ना? त्यातही साध्या घरातली बडकी आणि एक डॉक्टर होता. या डॉक्टरने मात्र हात झटकले नाहीत, बडकीशी लग्न केलं.