मनमाडला गाडी बदलायची

गेल्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर युरोपचा रेल्वे नकाशा पसरून बसलो होतो. कोपनहेगन, माल्मो, स्टॉकहोम, तिथून वर बोथनियाच्या आखाताच्या टोकापर्यंत आणि मग फिनलंडमधून खाली हेलसिंकी, असा बेत होता. डेन्मार्क ते स्वीडन हा टप्पा सोपा निघाला. 2000 साली खुल्या झालेल्या पुलावरून गाडी सरळ समुद्र ओलांडते. घोडे अडले ते स्वीडनच्या शेवटच्या स्टेशनावर, हापरंदाला. स्वीडनचे रूळ 1435 मिलिमीटर मापाचे, नदीपलीकडे टोर्निओत फिनलंडचे रूळ 1524 चे. फरक जेमतेम तळहाताएवढा. पण तिथे गाडी बदलते, चलन बदलते आणि घड्याळही एक तास पुढे करावे लागते.

बायको म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? विमानाने जाऊ." मला मात्र आजोबांचे मनमाड आठवत होते.

आजोबांच्या तोंडी आमच्या भागाचे नाव मराठवाडा क्वचितच येई. ते म्हणत मोगलाई. मुंबईहून औरंगाबादला येणे म्हणजे इंग्रजी मुलखातून मोगलाईत शिरणे. मुंबईहून निघालेली जीआयपीची गाडी 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवरून मनमाडला येई. तिथे उतरायचे, वळकटी आणि ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि छोट्या गाडीत बसायचे. ही छोटी गाडी म्हणजे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. निजामाच्या हमीवर 1883 साली उभ्या राहिलेल्या कंपनीने ती बांधली आणि 1900 साली ती औरंगाबादला पोचली. मनमाडपासून थेट सिकंदराबादपर्यंत सुमारे 390 मैलांचा हा मार्ग, पण सगळा मीटरगेज. गंमत म्हणजे वाडीहून सिकंदराबादला जाणारा निजामाचा पहिला लोहमार्ग 1874 सालीच ब्रॉडगेज झाला होता. गोदावरीच्या खोऱ्याच्या वाट्याला स्वस्तातले माप आले.

अंकाई, नगरसोल मागे पडून रोटेगाव आले की राज्य बदललेले असे. खिशातला कलदार रुपया इथे वेगळा आणि हाली सिक्का वेगळा. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा व्यवहार. टपालाची तिकिटे निजामाची. कचेरीतले साल फसली, इसवी सनाच्या सुमारे 590 वर्षे मागे. व्यापाऱ्याला तर माल मोगलाईत आणताना करोडगिरी भरावी लागे. इंग्रजांशी 1802 साली झालेल्या व्यापारी तहाने तिचा दर शेकडा पाच ठरवून दिला होता. घड्याळाचा घोळही होताच. 1905 पर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबईची स्वतःची वेळ तिच्या अर्धा तास मागे. मुंबईकराने आपल्या घड्याळावर भिस्त ठेवली, तर बोरीबंदरलाच गाडी चुकायची. मनमाड ते औरंगाबाद हे अंतर आज 113 किलोमीटर मोजले जाते. आजोबांच्या हिशेबात ते परदेशगमन होते.

फिनलंडच्या रुळांचे कूळही असेच एका साम्राज्यात सापडते. हेलसिंकी ते हामेनलिन्ना ही तिथली पहिली रेल्वे 1862 साली सुरू झाली तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होते, म्हणून रुळांचे माप रशियाचे. 1917 मध्ये झार गेला आणि त्याच वर्षी फिनलंड स्वतंत्र झाले. माप तेवढे राहिले. हापरंदा-टोर्निओच्या रेल्वेपुलावर आजही दोन्ही मापांचे रूळ एकमेकांत गुंतवून टाकलेले आहेत.

आमच्याकडे सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. पुढच्या दशकात हाली सिक्का गेला, करोडगिरी गेली, 1956 साली भाषावार रचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटला. मीटरगेज राहिले. मुंबईकडे निघालेली कापसाची प्रत्येक गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. त्यात वेळ जाई, हमाली लागे, माल फुटे. मराठवाड्यात कारखाने का येत नाहीत यावर पुष्कळ परिसंवाद झाले. माझ्या मते त्यांतला निम्मा विषय मनमाडच्या फलाटावर उभे राहिल्यास अर्ध्या तासात कळला असता. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात ब्रॉडगेजची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांची मराठवाडा जनता विकास परिषद हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे दिल्लीचे उंबरठे झिजवत राहिली. निजामाशी लढलेल्या माणसाला म्हातारपणी निजामाच्या रुळांशी लढावे लागले. ब्रॉडगेजची गाडी आमच्या स्टेशनात आली ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. सरहद्द पुसली गेल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.

आजोबा तोवर गेले होते. मी मात्र लहानपणी त्यांचे बोट धरून तो फलाट ओलांडला आहे. एका बाजूला उंच, रुंद डबे, दुसऱ्या बाजूला बुटके. "आता आपली गाडी," असे म्हणून ते बुटक्या डब्याकडे वळत आणि वळकटी नीट आली की नाही ते दोनदा मोजत.

बेत शेवटी ठरला. हापरंदाला उतरायचे, टोर्ने नदीचा पूल सामान ओढत पायी ओलांडायचा, टोर्निओहून बसने केमी गाठायचे आणि तिथून रात्रीच्या गाडीने हेलसिंकी. ट्रॅव्हल एजंटने विचारले, हापरंदाला मध्ये तीन तास रिकामे कशाला ठेवलेत? मी म्हणालो, राहू द्या. बायकोने सुटकेसा दोनच घ्यायच्या, असे बजावले आहे, कारण तिथे हमाल मिळत नाहीत.