ई-मेल आपला, पण चावी कुणाकडे? जीमेल, आउटलूक, याहूमधला फरक आणि मेल पोचतो कसा

कुठलाही ऑनलाइन अर्ज भरायला गेलं की ई-मेल आयडी विचारतात. आपला आयडी नसला की दुकानदार स्वतःच्या मोबाइलवर दोन मिनिटांत एक काढतो, फॉर्म भरतो आणि विषय मिटतो. पुढे पोराचं हॉल तिकीट, बँकेचं पत्र किंवा पासवर्ड बदलायची लिंक त्याच मेलवर येते. तेव्हा आयडी आठवत नाही आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे. म्हणून ई-मेल म्हणजे नेमकं काय आणि तो आपल्या ताब्यात कसा ठेवायचा, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

खातं वेगळं, ॲप वेगळं

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ई-मेल खातं म्हणजे धान्याचं गोदाम आणि ॲप म्हणजे त्या गोदामाचं दार. मेल साठतात ते कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर. मोबाइलमधलं ॲप ते फक्त उघडून दाखवतं. त्यामुळे ॲप काढून टाकलं किंवा मोबाइल हरवला, तरी सर्व्हरवरचे मेल जात नाहीत. नव्या मोबाइलवर आयडी आणि पासवर्ड टाकला की सगळं परत दिसतं. पण पासवर्ड गेला, तर दार कितीही नवं असलं तरी उघडत नाही.

एकाच दारातून दोन गोदामंही उघडता येतात. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये याहू किंवा आउटलूकचं खातं जोडता येतं. वेगवेगळी ॲप ठेवायची गरज नाही.

मेल जातो कसा?

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे पहिला ई-मेल अमेरिकेतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाठवला. नाव आणि ठिकाण वेगळं करण्यासाठी @ हे चिन्ह त्यांनीच निवडलं. या चिन्हाच्या आधी माणसाचं नाव, नंतर त्याचं खातं कोणत्या सेवेवर आहे ते. पाकिटावर आधी नाव आणि मग पोस्ट ऑफिस लिहितात, तसंच.

तुम्ही 'सेंड' दाबलं की मेल आधी तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर @ नंतरचं नाव बघून त्या नावाचे मेल कोणता सर्व्हर घेतो हे शोधतो आणि मेल तिकडे सोपवतो. या देवाणघेवाणीच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. समोरच्याचा मोबाइल बंद असला तरी मेल त्याच्या सर्व्हरवर थांबून राहतो. फोन चालू करून नेट लावलं की दिसतो.

पत्ता चुकला, तर 'मेलर डेमन' अशा नावाने मेल परत आल्याचा संदेश येतो. तो इंग्रजीत असतो म्हणून अनेक जण न वाचताच काढून टाकतात आणि अर्ज पोचला असं समजून बसतात. असा संदेश आला तर पत्ता एकेक अक्षर तपासून पुन्हा पाठवा.

मेल वाचायच्या पद्धती दोन. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतो, म्हणून मोबाइल आणि संगणक दोन्हीकडे सारखाच दिसतो. एकीकडे खोडला तर दुसरीकडेही जातो. जुनी पॉप पद्धत मेल संगणकावर उतरवून घेते आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरून काढून टाकते. तो संगणक बिघडला की मेलही गेले. मोबाइलवाल्यांनी आयमॅपच वापरावी.

कोणतं घ्यावं?

जीमेल : १ एप्रिल २००४ ला सुरू झालं. सध्या १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. व्हिडिओ भरून जागा संपली की नवे मेल येणं थांबतं. ॲन्ड्रॉइड मोबाइलवर बहुतेक वेळा गुगल खातं लागतं, म्हणून बहुतेकांसाठी हेच सोयीचं.

आउटलूक : सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल सुरू केलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आजचं आउटलूक डॉट कॉम हे त्याचंच पुढचं रूप. ऑफिसात वर्ड, एक्सेलवर काम करणाऱ्यांना बरं पडतं.

याहू आणि रेडिफमेल : अनेकांची जुनी खाती इथे आहेत. बँकेत किंवा पॅनकार्डला हाच आयडी दिला असेल तर तो चालू आहे का, ते आजच बघा.

झोहो मेल : चेन्नईच्या झोहो कंपनीचं. बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल, तर उपयोगी.

थंडरबर्ड : हे खातं नाही, नुसतं दार आहे. मोझिलाचं फुकट ॲप, त्यात कुठल्याही कंपन्यांची बरीच खाती एकत्र बघता येतात. संगणकावर बऱ्याच वर्षांपासून आहे, २०२४ पासून ॲन्ड्रॉइडवरही आलं.

पाठवताना

'टू' मध्ये ज्याला उत्तर द्यायचं आहे तो. 'सीसी' मध्ये ज्याला फक्त माहिती द्यायची तो, आणि हा पत्ता सगळ्यांना दिसतो. 'बीसीसी' मधला पत्ता इतरांना दिसत नाही. सरकारी कार्यालयात तक्रार करताना 'टू' मध्ये संबंधित अधिकारी आणि 'सीसी' मध्ये वरिष्ठ ठेवता येतात. विषयाच्या ओळीत 'अर्ज' एवढंच न लिहिता गाव, गट नंबर आणि काम लिहा. पाठवलेला मेल 'सेंट' मध्ये तारीख-वेळेसह राहतो. तो खोडू नका, कधी पाठवलं ते दाखवायला उपयोगी पडतो.

जीमेलवरून एका मेलला २५ एमबीपर्यंत फाइल जोडता येते. त्याहून मोठी असेल तर ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते. ती लिंक उघडायची परवानगी समोरच्याला दिली आहे का, ते तपासा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर समोर भलतीच अक्षरं दाखवतो. तो पीडीएफ करून पाठवा, नाहीतर युनिकोडमध्ये लिहा.

खोटा मेल ओळखा

पाकिटावर मागे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तसंच मेलवरही. नाव बँकेचं दिसलं म्हणजे मेल बँकेचा असं नाही. आता सर्व्हर स्वतः काही तपासण्या करतात आणि संशयी मेल 'स्पॅम' मध्ये टाकतात, पण सगळे पकडले जात नाहीत. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की खरा पत्ता दिसतो. सरकारी पत्ता साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ने संपतो. उलट, कामाचा मेलही कधी 'स्पॅम' मध्ये पडतो आणि जीमेल तो ३० दिवसांनी काढून टाकतं. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत तिकडे रोज नजर टाका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

चावी आपल्याकडे घ्या

१. मोबाइलच्या सेटिंगमध्ये गुगल उघडून कोणता आयडी आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर तुमचे फोन नंबर आणि फोटो त्याच्या खात्यात जात असू शकतात. शिवाय मोबाइल रिसेट करावा लागला, तर तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो.

२. आयडी तुमच्याच नावाने पण दुकानदाराने काढलेला असेल, तर समोर बसून पासवर्ड बदला.

३. 'सुरक्षा' मध्ये रिकव्हरी फोन म्हणून स्वतःचा नंबर टाका. सिम बदललं की तो नंबरही बदला.

४. तिथेच कोणकोणत्या मोबाइलवर खातं उघडं आहे ते दिसतं. अनोळखी मोबाइल साइन आउट करा.

५. आयडी आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून कागदपत्रांसोबत ठेवा. मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका.

६. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गुगल बंद करून खोडू शकतं. याहूची मुदत त्याहून कमी, १२ महिने आहे. जुना आयडी अधूनमधून उघडत जा.

आयडी परत मिळतच नसेल, तर स्वतःचा नवा काढा आणि बँक, पॅन, कॉलेज, योजना अशा प्रत्येक ठिकाणी जुना बदलून घ्या. दोन-चार हेलपाटे पडतील, पण ऐन शेवटच्या तारखेला दुकानाचं शटर बंद बघून परत यायची वेळ येणार नाही.