ठासणीची बंदूक आणि घोडबंदरचे रान

तोंडातून भरायच्या बंदुकीला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. नळीत आधी दारू, मग चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. दर थराला गजाने ठासायचे. जुन्या बंदुकीचा बार पेटत्या तोड्याने उडे, पुढे चकमकीने आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या टोपीने. टोपीचा खरा उपकार कोकणपट्टीवर झाला. भात पिकते त्या दिवसांत हवा ओली असते. दारू ओल धरते, उघडी रंजक, म्हणजे बार पेटवणारी भुकटी, सर्दावते आणि नेमक्या वेळी बार फुसका जातो.

याच कोकणपट्टीतल्या मीरा-भाईंदरचा पश्चिम भाग खाडीचा आणि मिठागरांचा. पूर्वेला काशी, चेणे, घोडबंदर या गावांमागे साष्टीचा डोंगर उभा आहे. तेथील रानात, म्हणजे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सांबर, चितळ आणि भेकर आहेत. सांबर रात्री चरणारे जनावर. अशा रानाला लागून शेत असले की राखण रात्रीचीच, माळ्यावर बसून. ठासणीच्या बंदुकीचा छर्रा जवळच्या जनावरालाच लागे आणि बार चुकला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर रानात पसार होई. इंग्रज साहेबांची शिकार आणि कुळाची पारध यांत फरक राहिला. काडतुसी बंदूक आल्यावर साहेबाने ती घेतली. काडतूस मात्र दर वेळी विकतच घ्यावे लागे. ठासणीला दारू, छर्रे आणि टोपी मोजून वापरता येत. काटकसर तिच्या घडणीतच होती.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला रयतेच्या हातातली हत्यारे खुपू लागली. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने मात्र ही स्वस्त बंदूक नावानिशी ओळखली: पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. पिकाला तेवढी बंदूक पुरणार नाही असे दिसले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. शेतकऱ्याच्या ऐपतीचा असा विचार कायद्यात क्वचितच आढळतो.

परवाना पिकाच्या राखणीचा, शिकारीचा नव्हे. शिकारीला वेगळे कायदे लागू होत. मुंबई राज्यात १९५१ पासून वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा होता. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने सांबर, चितळ आणि भेकर संरक्षित सूचीत घातले. त्यांची परवान्याने होणारी शिकार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. दरम्यान शेतेही आटली. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. शेतीसंरक्षणाचा परवाना मात्र सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आजही ओळखीचा शब्द आहे. तिथे रात्रीची राखण मुख्यतः रानडुकरांपासून असते.