थंडी-धुक्यात ऑफिसला जायचं का? मोबाईलवर असं ठरवा

मी सिंदी (रेल्वे)हून नागपूरला रोज ये-जा करतो. विदर्भ म्हटलं की लोकांना फक्त ऊन आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर आलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ॲपवर सूर्याचं चिन्ह बघून मी बाईक काढली. गावाबाहेर नाल्याजवळ एकदम दाट धुकं लागलं, आणि समोर कापसाची ट्रॉली उभी. मागे ना लाईट, ना रिफ्लेक्टर. ब्रेक वेळेवर लागला, म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून खालच्या गोष्टी बघितल्याशिवाय मी घर सोडत नाही.

१. इशाऱ्याचा रंग
भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप उघडा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. इशारे जिल्ह्यानुसार असतात, म्हणून वर्धा आणि नागपूर दोन्ही बघा. नुसतं गार वाटलं म्हणजे थंडीची लाट नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असेल, तर ती लाट.

२. धुक्याचा अंदाज
रात्री झोपण्यापूर्वी ॲपमध्ये दवबिंदू बघा. हवा या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. पहाटेचं तापमान दवबिंदूजवळ जाणार असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर धुक्याची शक्यता धरा. ॲपचा अंदाज मोठ्या भागाचा असतो. नाल्याकाठचा खोलगट रस्ता त्यात वेगळा दिसत नाही. दृश्यमानता १,००० मीटरपेक्षा कमी म्हणजे धुकं, २०० पेक्षा कमी म्हणजे दाट आणि ५० पेक्षा कमी म्हणजे अतिदाट.

३. जाण्याची आणि येण्याचीही गाडी
रेल्वेच्या 'एनटीईएस' ॲपवर गाडी नेमकी कुठे आहे ते कळतं. पण बरेच जण फक्त सकाळची गाडी बघतात. उत्तर भारतात धुकं पडलं की दिल्लीकडून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या उशिरा धावतात, आणि त्यातल्या बऱ्याच नागपूरहून सिंदीवरूनच पुढे जातात. त्यांना वाट द्यायला आपली गाडी बाजूला थांबू शकते. म्हणजे सिंदीत लख्ख ऊन असलं तरी संध्याकाळी घरी यायला उशीर होऊ शकतो.

४. आता निर्णय
- लाल इशारा: प्रवास टाळा, घरूनच काम करा.
- दाट धुकं: बाईक नाही. गाडी असेल तर गाडीने, नाहीतर ऊन वर येईपर्यंत थांबा.
- फक्त थंडी: जा, पण शक्यतो गाडीने. बाईकवर वारा अंगातली ऊब काढून घेतो आणि बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो.

साहेबांना मेसेज रात्रीच टाका: "उद्या दाट धुक्याची शक्यता आहे. सकाळी ७ ला बघून कळवतो. जमलं नाही तर घरून लॉगिन करतो." सोबत इशाऱ्याचा स्क्रीनशॉट जोडा. सकाळी ऐन वेळी सांगितलं की बहाणा वाटतो. रात्री सांगितलं की नियोजन वाटतं.

हजेरीचा एक दिवस भरून काढता येतो. त्या ट्रॉलीवर आदळलो असतो, तर काय भरून काढलं असतं?