वेताळ : न मरणारा नायक आणि त्याचा भारतीय अवतार

ली फॉक या अमेरिकी लेखकाची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून सुरू झाली. चित्रे रे मूर यांची होती. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी आला. फँटमजवळ अलौकिक शक्ती नव्हती. चाचेगिरीविरुद्ध १५३६ मध्ये कवटीवर घेतलेली शपथ पिता पुत्राकडे सोपवीत गेला, मुखवटा तोच राहिला आणि जंगलाने त्याला अमर मानले. आजच्या कथांतील फँटम हा एकविसावा.

मराठी वाचकांना तो ‘वेताळ’ म्हणून ठाऊक आहे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आणले, तेही वेताळाच्याच कथेने. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघाले. मूळ कथेतील चाच्यांचे ‘सिंग’ हे नाव आणि बंगालची आठवण करून देणारा प्रदेश येथे अडचणीचा ठरला असता. म्हणून चाचे ‘सिंगा’ झाले आणि जंगल ‘डेंकाली’त गेले. बदल किरकोळ, पण त्यामुळे खलनायकाला भारतीय नाव उरले नाही.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा डाकूंशी झुंजणारा ‘बहादूर’ याच मालिकेत अवतरला. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो रेखाटला. तरीही आठशेहून अधिक अंकांपैकी निम्म्यापेक्षा जास्त वेताळाचेच होते. १९९० मध्ये प्रकाशन थांबले.