रामकथा गावोगाव : आर्येपासून तबकडीपर्यंत

मंडळी, हल्ली चार-पाच तरुण मुले गिटार आणि ड्रम घेऊन एकत्र बसतात, आपल्या मेळ्याला बँड म्हणतात आणि सहा महिने, वर्ष खपून आठ-दहा गाण्यांचा एक संच तयार करतात. त्या संचाला त्यांचा शब्द आहे 'अल्बम'. अमक्या तारखेला अल्बम येणार म्हणून आधीपासून डंका वाजतो, आणि तो दिवस उजाडला की बारामतीच्या कॉलेजातल्या मुलाला आणि न्यूयॉर्कमधल्या मुलाला तीच गाणी एकाच वेळी मोबाईलवर ऐकू येतात. घरातली वडील माणसे मात्र विचारतात, "अरे, अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंची वही ना? तिचा गाण्याशी काय संबंध?"

वडील माणसांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही बरं का! पूर्वीच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रचना मोठी असली की चार-सहा तबकड्या लागत. मग त्या जाड कागदाच्या पाकिटांत घालून, फोटोंच्या वहीसारख्या बांधून विकत. त्या वहीवरून गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणू लागले. वही गेली, नाव राहिले.

अशाच एका संचाची हकिगत आज सांगायची आहे. तो संच पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर जन्मला, त्याचे नाव 'गीतरामायण'. आमच्या या पुस्तिकेत घरचेच कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. पण एक कथा गाण्यात बांधणे ही एक गोष्ट, आणि ती लोकांच्या कानांपर्यंत पोचवणे ही दुसरी. आणि पोचवण्याचे साधन बदलले की गाणेही बदलते. हे गीतरामायणाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. ते नीट कळायचे तर आधी कऱ्हाकाठी, बारामतीला जायला हवे. कारण रामकथेचा मोठा संच तिथे दोनशे वर्षांपूर्वीच तयार झाला होता.

मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मले आणि तरुणपणी बारामतीस आले. बारामतीचे बाबूजी नाईक म्हणजे मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरे. त्यांच्याकडे पंत पुराण सांगत. पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच गावी काढले आणि १७९४ मध्ये इथेच देह ठेवला. एवढ्या काळात त्यांनी आर्याभारत लिहिले, केकावली लिहिली, आणि रामायण तर एकदा लिहून त्यांचे समाधानच होईना. एकशे आठ रामायणे लिहिणारा कवी अशी त्यांची ख्याती आहे. प्रत्येक वेळी ते स्वतःला नवा निर्बंध घालून घेत. त्यांतले एक आहे 'निरोष्ठ रामायण', म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचे रामायण. प, फ, ब, भ, म या अक्षरांना मज्जाव! गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. मुलांना 'राम' म्हणायला सांगा. ओठ मिटले की नाही? म्हणजे ज्याचे चरित्र गायचे त्याचे नावच घ्यायचे नाही! 'दाशरथी' म्हणता येईल, 'जानकीनाथ' म्हणता येईल, पण 'राम' नाही. कोणी याला नुसती कसरत म्हणतात. मला तसे वाटत नाही. एकच कथा पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याला ती ताजी ठेवण्यासाठी काहीतरी अडथळा लागतो. पंतांनी तो आपल्या हातांनी उभा केला.

पण हे सारे लिहून झाले ते पोथीत. पोथी वाड्यात. तिथून ते बाहेर कसे पडले? पंतांच्या हयातीत मराठी छापखाना नव्हता. नक्कल उतरून घ्यायची तर लेखनिक बसवायचा, आणि वाचणार तरी किती जण? पंतांची कविता महाराष्ट्रभर नेली ती हरिदासांनी. कीर्तनकाराने कथेच्या ओघात आर्या म्हणावी, तिचा अर्थ फोडून सांगावा, झांजेच्या ठेक्यात ती पुन्हा म्हणावी, की समोरच्या निरक्षर माणसाच्याही ती तोंडी बसे. यात मोठे नाव सोलापूरच्या राम जोशांचे. सांगतात ते असे, की राम जोशी तेव्हा फडावर लावण्या गात. त्यांची प्रतिभा पाहून पंतांनी त्यांचे मन कीर्तनाकडे वळवले, आणि मग त्याच शाहिराने पंतांच्या आर्या गावोगाव नेल्या. कथेतले बारकावे इतिहासकारांनी तपासावेत. राम जोशांच्या कीर्तनांनी मोरोपंत लोकांपर्यंत पोचले, एवढे मात्र सर्वमान्य आहे. पुढे १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचा 'नवनीत' हा वेच्यांचा ग्रंथ छापून आला, आणि पंत शाळेच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर मुले त्यांना पाठ करू लागली आणि, खरे सांगायचे तर, थोडी भिऊही लागली. चाल गेली, शब्द उरले.

आता दीडशे-पावणेदोनशे वर्षे ओलांडून पुण्यास येऊ. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. तिथे सीताकांत लाड या अधिकाऱ्यांच्या मनात आले, की वर्षभर चालेल अशी एक गीतमाला करावी. कवी म्हणून ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार म्हणून सुधीर फडके असे दोघे ठरले. दोघेही १९१९ सालचे. माडगूळकर माणदेशचे, शेटफळ्याचे, ओवी-भजन ऐकत वाढलेले. फडके कोल्हापूरचे. चित्रपटांमुळे दोघांची जोडी तोवर जमलेली होती. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमीचा दिवस. त्या सकाळी पहिले गीत लागले. मग दर शुक्रवारी एक नवे गीत आणि त्याचे पुनःप्रक्षेपण.

दर आठवड्याला एक गीत, तर वर्षाची बावन्न व्हायला हवीत. झाली छप्पन्न. का? त्या वर्षी अधिक महिना आला, आणि समाप्ती तर पुढच्या रामनवमीलाच करायची. शिक्षकांनी मुलांना हिशेब घालावा : १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत किती शुक्रवार? पंचावन्न. आणि छप्पन्नावे गीत १९ एप्रिलला, गुरुवारी, रामनवमीस. पंचांगाने कवीच्या माथी चार गाणी जास्त मारली म्हणायची!

मोरोपंतांनी स्वतःला अक्षरांची बेडी घातली होती. इथे बेडी होती घड्याळाची. शुक्रवार कोणासाठी थांबत नाही. पहिल्याच गीताची हकिगत प्रसिद्ध आहे. लिहिलेला कागद हातोहाती कुठे गहाळ झाला आणि प्रक्षेपणाची वेळ तर येऊन ठेपलेली. माडगूळकर संतापले. लाडांनी त्यांना कागद-लेखणी देऊन एका खोलीत बसवले आणि बाहेरून दार लावून घेतले. थोड्याच वेळात गीत तयार! रामासमोर बसून लव-कुश रामचरित्र गात आहेत, हे ते गीत. फडक्यांनी त्याला भूप रागाची चाल दिली. असे आठवड्यामागून आठवडे. कवीचे शब्द यायचे, चाल बसायची, गायक ठरायचा, वादकांना स्वर सांगायचे. फडक्यांच्या साथीला व्हायोलिनवर प्रभाकर जोग. वाद्ये थोडी, शब्द स्पष्ट. रेडिओवर चेहरा दिसत नाही, हावभाव दिसत नाहीत. एक शब्द निसटला की ओळीचा अर्थ गेला. म्हणून या गीतांत चाल शब्दाच्या पुढे धावत नाही. ही फडक्यांची आवड होतीच, पण रेडिओची गरजही होती.

आणि गायक? हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे. गीतरामायणात जवळपास प्रत्येक गीत कथेतल्या कोणत्या तरी पात्राच्या तोंडी आहे. म्हणून रेडिओवर निरनिराळे गळे होते. माणिक वर्मा गात होत्या, ललिता फडके गात होत्या, वसंतराव देशपांडे आणि सुरेश हळदणकर गात होते, रामाची गीते स्वतः फडके गात. ऐकणाऱ्याला तो जणू आंधळ्या मंचावरचा नाटकाचा प्रयोग होता.

ऐकणारे कसे ऐकत? त्या काळी बारामती-इंदापूरकडच्या खेड्यात रेडिओ ही घरोघरची वस्तू नव्हती. पोस्टातून परवाना काढावा लागे, वीज नसेल तिथे बॅटरीवर संच चालवावा लागे, आणि ती उतरली की नवी येईपर्यंत रेडिओ मुका. बहुधा संच चावडीत, ग्रामपंचायतीत, नाहीतर एखाद्या खटपट्या दुकानदाराकडे. म्हणजे ऐकणे हे चारचौघांत. पुणे केंद्राने याच सुमारास, १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवून पाहिली. युनेस्कोच्या मदतीने झालेला हा प्रयोग जगभर गाजला. मंडळातल्या वीसेक जणांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. चर्चा खतांची, बियाणांची, गुरांच्या रोगांची. आणि शुक्रवारी सकाळी त्याच केंद्रावरून रामाची गोष्ट पुढे सरकत होती. गीताच्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी घरे होती, अशा आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. आज हसू येईल. पण ज्या मुलखातून तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी दरवर्षी जाते, त्या मुलखाला गाणे आणि पूजा यांत फार अंतर कधी वाटले नाही.

प्रक्षेपण संपले. मग १९५७ मध्ये गीतांची पुस्तिका सरकारच्या प्रकाशन विभागाने काढली. शब्द लोकांच्या हाती आले. हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत अशा भाषांतही ही गीते गेली, तीही बहुतेक फडक्यांच्याच चालींवर. आता उरली तबकडी.

तबकडीला इतका उशीर का? इथे पहिली गोष्ट पुन्हा आठवा : साडेतीन मिनिटे. रात्रभर चालणाऱ्या नाटकातली बालगंधर्वांची पदे ध्वनिमुद्रित झाली ती अशी आवळून. रंगभूमीवर वन्समोअर घेत पाऊण तास चालणारे पद तबकडीवर चहाचा कप संपायच्या आत संपे. पण गीतरामायणातले एकेक गीत कडव्यामागून कडवी घेत सहा-आठ मिनिटे चालते. कडवे गाळले तर कथेचा दुवा तुटतो. त्यावर उपाय म्हणजे मिनिटाला सव्वातेहेतीस, नव्हे, नेमके बोलायचे तर तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी मोठी तबकडी. ती अमेरिकेत १९४८ मध्ये बाजारात आली आणि हळूहळू आपल्याकडे रुजली. तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावतात. आधी मूळ चकतीवर सुईने स्वरांची नागमोडी चर कोरतात, तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढतात आणि त्या ठशाखाली तापवलेला प्लास्टिकसारखा पदार्थ दाबून हव्या तितक्या तबकड्या पाडतात. जुन्या तबकड्यांना मात्र झाडावरची लाख लागे.

'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने १९६५ मध्ये गीतरामायण दहा मोठ्या तबकड्यांत काढले. दहा तबकड्या, वीस बाजू, छप्पन्न गीते. बाजूला सरासरी तीनसुद्धा येत नाहीत. भागाकार करून पाहा, गीताला किती अवधी मिळाला ते कळेल. हा झाला खरा अल्बम.

मात्र त्यात आवाज एकच होता, सुधीर फडक्यांचा. राम तेच, सीताही तेच, कौसल्याही तेच. फडक्यांनी ते ज्या ताकदीने गायले त्याबद्दल दुमत नाही. सभांतूनही ते वर्षानुवर्षे एकटेच गात राहिले, आणि कीर्तनकार तरी सगळी पात्रे एकट्यानेच उभी करतो की! कंपनीच्या बाजूनेही पाहा : दहा तबकड्यांसाठी इतके कलावंत पुन्हा जमवायचे म्हणजे केवढा खटाटोप. तरीही मला वाटते, इथे काहीतरी हरवले. घरोघर वाजली ती तबकडी, पुढे कॅसेट, आता मोबाईल. त्यामुळे आज शंभर जणांना विचारा, गीतरामायण कोणी गायले? बहुतेक जण एकच नाव घेतील. माणिक वर्मांची सीता ऐकून १९५५ साली चावडीत ज्यांचे डोळे भरून आले असतील, त्यांच्याबरोबर ती आठवणही मावळत चालली आहे. जे तबकडीवर गेले तेच खरे आणि उरलेले जणू झालेच नाही, असा यंत्राचा एक न्याय आहे. मोरोपंतांच्या आर्यांच्या चालीही अशाच गेल्या. त्यांना तर यंत्रही भेटले नाही.

तुमच्या गावात त्या काळी रेडिओसमोर बसलेले कोणी वृद्ध असतील, तर शिक्षकांनी मुलांना त्यांच्याकडे पाठवावे. कोणते गीत कोणाच्या आवाजात ऐकले, संच कोणाच्या ओसरीवर होता, बॅटरी कोण आणत असे, हे विचारून वहीत उतरवून घ्यावे. आता फार दिवस हाती नाहीत.

आणि एक गंमत सांगायची राहिली. छप्पन्नावे गीत भैरवीतले. त्यात वाल्मीकी लव-कुशांना रामासमोर रामायण कसे गावे ते समजावून सांगतात आणि निरोप देतात. आणि पहिले गीत कोणते होते? तेच दोघे रामासमोर गायला बसलेले. म्हणजे शेवटचे गीत संपते तिथे पहिल्याची वेळ होते. त्या दोन पोरांच्या हाती पोथी नव्हती, तबकडीही नव्हती. जे होते ते सारे गळ्यात.